दावा रत्नागिरीत की लंडनला? कोकणातून परदेशी जाणाऱ्या मालाच्या वाहतूक-कागदांची पारख

देवगड, रत्नागिरी, वेंगुर्ल्यातून परदेशी माल पाठवणारा फॉरवर्डरकडून, म्हणजे वाहतूक जुळवून देणाऱ्याकडून, दर मागवतो तेव्हा भाडे विचारतो, रीफरचा (थंड कंटेनरचा) प्लग-इन खर्च विचारतो, कागदपत्रांचा आकार विचारतो आणि माल किती दिवसांत पोहोचेल ते विचारतो. माल सडला, कमी भरला किंवा भलत्याच्याच ताब्यात गेला तर दावा कुठल्या गावच्या कोर्टात लावायचा, हे सहसा कोणी विचारत नाही. पण ते उत्तरही त्याच भाड्यात विकत घेतलेले असते. वाहतूक-बिलाच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले असते आणि नुकसान झाल्यावरच पहिल्यांदा वाचले जाते.

कोकणातल्या निर्यातदाराच्या हाती वेगवेगळे कागद पडतात: शिपिंग लाइनचे, म्हणजे जहाज कंपनीचे, बिल ऑफ लेडिंग (माल घेतल्याचा आणि वहनाच्या कराराचा कागद), फॉरवर्डरचे बहुविध वाहतुकीचे बिल, परदेशी फॉरवर्डरच्या नावाचे हाउस बिल, एअर वे बिल आणि आख्खे जहाज भरून माल जात असेल तर चार्टर बिल. प्रत्येक कागद ही स्वतंत्र सेवा आहे आणि तिची प्रतही स्वतंत्र आहे. खालचे पाचपैकी गुण एकाच निकषावर दिले आहेत: नुकसान झाल्यावर इथल्या माणसाला परवडणाऱ्या कोर्टात, मुदतीच्या आत, पोहोचता येते का. भाडे, वेग, कर्मचाऱ्यांचे बोलणे यांचा हिशोब यात नाही.

शिपिंग लाइनचे बिल: 5 पैकी 2.5

मोठ्या लाइनच्या छापील अटी उघड आहेत, संकेतस्थळावर वाचता येतात. मर्स्क आणि एमएससी यांच्या अटींत लंडनचे उच्च न्यायालय आहे, हापाग-लॉइडच्या अटींत हॅम्बर्ग, सीएमए सीजीएमच्या अटींत मार्सेय. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या मालासाठी बहुधा न्यूयॉर्क असते. अटींच्या आवृत्त्या बदलतात, म्हणून बुकिंग केले त्याच दिवशी त्या पानाची प्रत उतरवून फाइलला लावावी. हल्ली अनेक बिलांची पाठ कोरी असते आणि पुढच्या बाजूला ‘अटी संकेतस्थळावर पाहाव्यात’ एवढीच ओळ असते. दीड वर्षानंतर त्या दिवशी कोणती अट लागू होती हे सिद्ध करायची वेळ आली, की ही उतरवलेली प्रत कामी येते.

आपल्याकडची कोर्टे ही अट मानतात का? बहुतेक वेळा मानतात. काजूवाल्यांनी तर एक निकाल पाठच करावा. शण्मुगविलास कॅश्यू इंडस्ट्रीज या केरळच्या खरेदीदाराने पूर्व आफ्रिकेतून काजू बी आणले. कोचीला माल कमी उतरला. बिलात इंग्लंडच्या कोर्टाची अट होती. दावा कोचीत लावला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1990 मध्ये न्यायालयाने सांगितले की बिलाच्या आधाराने मागणी करणाऱ्याला बिलातली कोर्टाची अटही बांधते, कोचीच्या कोर्टाला अधिकार नाही. शिवाय 1925 चा आपला सागरी मालवाहतूक कायदा भारतातल्या बंदरातून निघणाऱ्या मालाला लागतो, आत येणाऱ्या मालाला नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. म्हणून वेंगुर्ला किंवा सावंतवाडीचा कारखानदार टांझानियाचे काजू बी मागवतो तेव्हा तो निर्यातदारापेक्षा जास्त उघड्यावर असतो. कागद आफ्रिकेत बनतो, अट युरोपची असते आणि घरचा कायदा दारातच थांबतो.

निर्यातीच्या मालाला घरचा कायदा लागतो खरा, पण त्यात कोर्टाबद्दल चकार शब्द नाही. 1925 चा कायदा सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय हेग नियमांवर बेतलेला होता. 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला, तोही त्याच घराण्यातला. हे नियम वाहकाची जबाबदारी किती, मुदत किती, भरपाईची कमाल किती ते सांगतात. दावा कुठे लावायचा ते सांगत नाहीत. ऑस्ट्रेलियाने 1991 च्या आपल्या कायद्यात कलम 11 घालून तिथल्या कोर्टाचा अधिकार काढून घेणारी अट निष्प्रभ केली. भारतात अशी तरतूद व्हायला हवी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. नवा कायदा करताना ती संधी होती.

या कागदाचा सर्वांत घातक दोष मुदतीत लपलेला आहे. माल ताब्यात मिळाल्यापासून, किंवा मिळायला हवा होता त्या दिवसापासून, एक वर्षात दावा दाखल व्हावा लागतो. ही साधी मुदत नाही. वर्ष उलटले की वाहकाची जबाबदारीच संपते. सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये ईस्ट अँड वेस्ट स्टीमशिपच्या प्रकरणात हेच म्हटले. आता क्रम पाहा. निर्यातदार दहाव्या महिन्यात मुंबईत दावा लावतो. वाहक सहा महिन्यांनी हजर होऊन लंडनची अट पुढे करतो. मुंबईचे कोर्ट ती मानते. तोवर लंडनमधले वर्ष कधीच संपलेले असते, आणि करारात ठरलेल्या कोर्टाबाहेर लावलेला दावा तिथे मुदतीत धरला जात नाही. खटला गुणावगुणांवर ऐकलाच जात नाही, माणूस दोन्हीकडून रिकाम्या हाताने परततो.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. नवव्या महिन्याच्या आत वाहकाकडे किंवा त्याच्या विमा मंडळाकडे, म्हणजे पी अँड आय क्लबकडे, मुदतवाढ लेखी मागायची. विनंतीत बिलाचा क्रमांक, जहाज, फेरी, कंटेनर क्रमांक घालायचा आणि मुदतवाढ मालातील हितसंबंध असलेल्या सर्वांसाठी व सर्व न्यायकक्षांसाठी आहे असे शब्द मागायचे. नुसते ‘दावा विचाराधीन आहे’ हे उत्तर म्हणजे मुदतवाढ नव्हे. ‘अमुक तारखेपर्यंत मुदत वाढवली’ असे वाक्य हातात हवे. तीन-तीन महिन्यांची वाढ मिळत राहते. प्रत्येक वाढ संपायच्या पंधरा दिवस आधी पुढची मागायची.

नुकसानीची सूचना हा पहिला दगड. नुकसान दिसत असेल तर माल उचलतानाच, दिसत नसेल तर तीन दिवसांत लेखी कळवायचे. सूचना राहिली म्हणून दावा मरत नाही, पण माल चांगल्या स्थितीत दिला असे गृहीत धरले जाते आणि उलटे सिद्ध करायचा भार तुमच्यावर येतो. रीफरच्या मालात तापमानाची नोंद पहिल्याच आठवड्यात मागा. हापूस साधारण 12-13 अंशांवर जातो, सुरिमी (माशाचा गोठवलेला लगदा) व गोठवलेली मासळी उणे 18 किंवा त्याखाली. बिलावर ठरलेले तापमान अंशात लिहिलेले नसेल तर कोणतेही कोर्ट मिळाले तरी भांडायला आधार राहत नाही.

मग अडीच गुण तरी कशाला? एका हत्यारामुळे. जहाज आपल्या बंदरात असेल तर ते अडवून ठेवता येते. यामागे कोकण किनाऱ्याचाच इतिहास आहे. 1984 च्या फेब्रुवारीत एम. व्ही. एलिझाबेथ हे परदेशी जहाज गोव्याच्या एका निर्यातदाराचा माल घेऊन, बिल ऑफ लेडिंग न देताच, मुरगाव बंदरातून निघून गेले. पुढे ते विशाखापट्टणमला आले तेव्हा अडवले गेले. भारतातून बाहेर जाणाऱ्या मालाबद्दल परदेशी जहाजावर आपल्या उच्च न्यायालयांना अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1992 च्या निकालात ठरवले. आता त्यासाठी 2017 चा नौअधिकरण (अ‍ॅडमिरल्टी) कायदा आहे, 1 एप्रिल 2018 पासून लागू. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी हा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाला आहे. रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागच्या जिल्हा न्यायालयात जहाज अडवण्याचा अर्ज चालत नाही. मालाचे नुकसान आणि वहनाचा करार हे दोन्ही त्या कायद्यात सागरी दावे म्हणून मोजलेले आहेत.

हत्यार धारदार आहे, पण जपून चालवायचे. अटक चुकीची ठरली तर नुकसान भरून देण्याची हमी अर्जदाराला द्यावी लागते. जहाज बंदरात काही तासच असते, त्यामुळे वकीलपत्र, बिलाची मूळ प्रत, सर्वेक्षकाचा अहवाल, रकमेचा हिशोब आणि जहाजाच्या मालकीचा पुरावा आधीच तयार लागतो. दोन-चार लाखांच्या दाव्यासाठी हा खर्च अंगावर येतो. बहुतेक वेळा जहाज सुटते ते क्लबच्या हमीपत्रावर, आणि त्या हमीपत्रातच कोर्ट कोणते हे पुन्हा ठरते. तिथे ‘मुंबई उच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्यानुसार रक्कम देऊ’ हे शब्द मिळवणे हीच खरी कमाई. घाईत ‘सक्षम न्यायालय’ एवढेच स्वीकारले, की वाद पुन्हा लंडनच्या अटीवर येतो.

आणखी एक अन्याय छापील अटींत आढळतो. तुम्ही दावा लावायचा तो फक्त त्यांच्या कोर्टात, पण कंटेनर अडकल्याचे डिटेन्शन किंवा थकलेले भाडे वसूल करायला त्यांना कुठेही जाण्याची मुभा. त्यातही फरक आहे. इंग्लंड हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44-अ खालचा देश आहे, त्यामुळे लंडनच्या वरिष्ठ न्यायालयाचा हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलात आणता येतो. सिंगापूर आणि 2020 पासून संयुक्त अरब अमिरातही त्या यादीत आहेत. जर्मनी व फ्रान्स नाहीत, तिथला निकाल आणणाऱ्याला इथे नव्याने दावा लावावा लागतो. दोन लाइनचे दर सारखेच असतील तर हा फरक निवडीला पुरेसा आहे.

फॉरवर्डरचे बहुविध वाहतुकीचे बिल: 5 पैकी 4, पण एक चौकोन नीट भरला तरच

कोकणासाठी समुद्रमार्गाचा सर्वांत चांगला कागद हाच. माल कारखान्यातून ट्रकने न्हावा शेव्याला आणि तिथून जहाजाने परदेशी, हे सगळे एकाच करारात एकाच माणसाने अंगावर घेतले, की 1993 चा बहुविध मालवाहतूक कायदा लागू होतो. हे काम करणाऱ्याला नौवहन महासंचालनालयाची नोंदणी लागते. तिचा क्रमांक बिलावर छापलेला असतो. आधी तो पाहा, त्याची मुदत चालू आहे का विचारा.

या कायद्याचे न्यायकक्षेबद्दलचे कलम सोन्यासारखे आहे. दावा कुठे लावायचा ही निवड ते वादीला देते: प्रतिवादीचे मुख्य कार्यालय जिथे आहे तिथे, करार जिथल्या शाखेतून झाला तिथे, माल जिथे ताब्यात घेतला किंवा जिथे द्यायचा तिथे, किंवा करारात लिहिलेल्या दुसऱ्या ठिकाणी. ‘माल जिथे ताब्यात घेतला’ हे शब्द पुन्हा वाचा. बिलाच्या पुढच्या बाजूला वरच्या भागात ‘प्लेस ऑफ रिसीट’ असा छोटा चौकोन असतो. त्यात ‘मिरजोळे एमआयडीसी, रत्नागिरी’ असे लिहिलेले असेल तर रत्नागिरीचे सक्षम कोर्ट तुमच्या पर्यायांत येते. त्यात ‘न्हावा शेवा’ पडले तर रत्नागिरी गेली. कोराच राहिला तर करार फक्त बंदर ते बंदर होता, बहुविध नव्हताच, असे म्हणायला फॉरवर्डरला जागा मिळते.

हा चौकोन चुकतो कसा? निर्यातदाराने स्वतःचा ट्रक लावलेला असतो, किंवा फॉरवर्डरचा कारकून मागच्या शिपमेंटचा नमुना उघडून तसाच भरतो, किंवा सीएचएने (कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एजंटाने) शिपिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे बिलात काय भरायचे याची सूचना, पाठवताना बंदराचेच नाव दोन्हीकडे घातलेले असते. ट्रक तुमचा असेल तर चौकोनात रत्नागिरी लिहून घेणे खोटे ठरेल, तसे करू नये. ट्रकचा खर्च फॉरवर्डरच्या बिलात घ्या, म्हणजे करारही खरोखर दारापासून सुरू होईल. थोडे जास्त पैसे जातील. ते कोर्टाच्या जवळिकीचे भाडे समजा.

बँकेकडची अडचण आधी सोडवावी लागते. पतपत्रात (लेटर ऑफ क्रेडिटमध्ये) खरेदीदाराने ‘ओशन बिल ऑफ लेडिंग, बंदर ते बंदर’ मागितले असेल तर यूसीपी 600 या पतपत्रांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या कलम 20 नुसार कागद तपासला जातो आणि बहुविध बिल नाकारले जाऊ शकते. पतपत्र उघडण्याआधीच खरेदीदाराला सांगून कलम 19 मधला बहुविध वाहतूक-दस्तऐवज मागवून घ्या. बँक वहनाच्या छापील अटी तपासत नाही, यूसीपी तसे स्पष्टच म्हणते. बँकेने कागद पास केले म्हणजे कोर्टाची अट ठीक आहे असा अर्थ काढू नका.

फॉरवर्डर आंतरराष्ट्रीय संघटना फियाटाच्या नमुन्याचे बिल देत असेल तर त्याच्या कलम 19 मध्ये दावा फॉरवर्डरच्या व्यवसायाच्या ठिकाणी, तिथल्या कायद्याने चालेल असे आहे. फॉरवर्डर मुंबईचा असेल तर मुंबई. वाईट नाही. पण वादीला निवड देणारे वरचे कलम त्याने आकुंचन पावते की नाही यावर वाद घालण्यापेक्षा, बिल देण्याआधी एका ईमेलमध्ये फॉरवर्डरकडून लिहून घ्या: ‘या शिपमेंटबाबतचा दावा माल पाठवणाऱ्याच्या पसंतीने रत्नागिरी किंवा मुंबई येथील सक्षम न्यायालयात लावता येईल.’ लाइनवाले आपली छापील अट बदलत नाहीत. फॉरवर्डर बदलतो, कारण पुढच्या हंगामाचा माल त्याला हवा असतो. ही मागणी दर ठरवताना करायची, कंटेनर गेटमधून आत गेल्यावर नव्हे.

एक गुण कापला तो मुदतीसाठी. या कायद्यात दावा नऊ महिन्यांत दाखल व्हावा लागतो, वर्षात नाही. लाइनच्या वर्षाची सवय झालेली माणसे इथे हमखास फसतात. न दिसणाऱ्या नुकसानीची सूचना सहा दिवसांत द्यायची. आणि व्यापारी न्यायालयांचा 2015 चा कायदा मध्ये येतो. तीन लाख रुपये व त्यावरचा असा वाद व्यापारी वाद ठरतो आणि तातडीचा आदेश मागायचा नसेल तर कलम 12-अ प्रमाणे आधी मध्यस्थीला जावे लागते. मध्यस्थीत गेलेला वेळ मोजायचा नाही अशी सूट आहे, पण ती 1963 च्या मुदत कायद्यापुरती लिहिलेली आहे. नऊ महिने दुसऱ्या कायद्यातले. त्या सुटीवर विसंबू नका. मध्यस्थीचा अर्ज चौथ्या-पाचव्या महिन्यातच टाका.

भरपाईच्या कमाल रकमेत लाइन आणि फॉरवर्डर जवळपास सारखेच: प्रत्येक नगाला 666.67 एसडीआर किंवा किलोला 2 एसडीआर, यातले जास्त ते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक, एक म्हणजे शंभर रुपयांहून थोडे अधिक. बिलावर नगांची संख्या लिहा. ‘एक कंटेनर’ एवढेच लिहिले तर आख्खा कंटेनर एक नग ठरू शकतो. वीस किलोचे सुरिमीचे कार्टन एकेक मोजून लिहिले तर प्रत्येक कार्टनला ती मर्यादा मिळते आणि माल पूर्ण भरून येतो.

परदेशी फॉरवर्डरच्या नावाचे हाउस बिल: 5 पैकी 1

दर सर्वांत कमी असतो तो बहुधा इथे. तुम्ही बोलता मुंबईतल्या कार्यालयाशी, पैसे भरता मुंबईत, पण बिलाच्या माथ्यावर नाव असते हाँगकाँग किंवा दुबईतल्या कंपनीचे आणि खाली सही असते ‘वाहकाचे अभिकर्ते म्हणून’. करार मुंबईच्या कार्यालयाशी झालेलाच नसतो. वरच्या मास्टर बिलावर, म्हणजे लाइनने फॉरवर्डरला दिलेल्या बिलावर, माल पाठवणारा म्हणून फॉरवर्डरचे नाव असते, तुमचे नव्हे, त्यामुळे लाइनवर करारातून जाता येत नाही. कोर्टाची अट परदेशातली आणि प्रतिवादीची मालमत्ता कुठे आहे ते शोधणे तुमच्या माथी. माल मूळ बिलाशिवाय खरेदीदाराला दिला गेला आणि पैसे बुडाले, असे प्रकार याच वर्गात होतात. सहीच्या ओळीत ‘अ‍ॅज एजंट’ आणि माथ्यावर परदेशी नाव, ही जोडी दिसली की ड्राफ्ट परत पाठवा. भारतात नोंदलेल्या कंपनीने स्वतः वाहक म्हणून सही करायला हवी.

एअर वे बिल: 5 पैकी 4.5

हापूसच्या पेट्या लंडनला विमानाने जातात तेव्हा कोर्टाचा प्रश्न जवळजवळ सुटलेला असतो. 1999 चा मॉन्ट्रियल करार भारताने 2009 मध्ये स्वीकारला आणि 1972 च्या हवाई वाहतूक कायद्यातून तो इथे लागू आहे. कलम 33 वादीला पर्याय देते: वाहकाचे अधिवास, मुख्य कार्यालय, करार ज्या कार्यालयातून झाला ते ठिकाण, किंवा माल पोहोचवायचे ठिकाण. कलम 49 सांगते की नुकसान होण्यापूर्वी केलेला, हे पर्याय बदलणारा कोणताही करार रद्दबातल. म्हणजे पाठीवर काहीही छापा, मुंबईच्या कार्यालयातून बुकिंग झालेले असेल तर मुंबईचा पर्याय काढून घेता येत नाही. समुद्रमार्गाला हे संरक्षण असते तर हा लेख लिहावाच लागला नसता.

नुकसानीची तक्रार माल मिळाल्यापासून 14 दिवसांत, उशिराची 21 दिवसांत, लेखी. इथे तक्रार चुकली तर दावाच जातो, समुद्रासारखे नुसते गृहीतक उलटत नाही. दाव्याला दोन वर्षे. 28 डिसेंबर 2024 पासून करारातली मर्यादा किलोला 26 एसडीआर आहे. साडेतीन किलोच्या पेटीला 91 एसडीआर, हापूसच्या डझनाला पुरून उरते.

अर्धा गुण कापला तो घाटरस्त्यासाठी. विमानतळाबाहेरचा रस्त्याचा प्रवास सहसा या करारात येत नाही. देवगडहून निघालेला ट्रक मुंबई-गोवा महामार्गावर रात्रभर बंद पडला आणि आंबा तापला, तर ते नुकसान बिल्टीच्या कक्षेत येते. तिथे 2007 चा रस्ता मालवाहतूक कायदा लागतो: दाव्याआधी लेखी नोटीस, आणि ती बुकिंगपासून 180 दिवसांत. बिल्टीवर ‘फक्त मुंबई न्यायकक्षा’ असा शिक्का असतो. त्याला घाबरून जाऊ नका. पटेल रोडवेज प्रकरणात वेलचीच्या व्यापाऱ्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये ठरवले की माल ज्या शाखेत स्वीकारला आणि जिथे दाव्याचे कारण घडले, तिथेच त्या कंपनीचा व्यवसाय मानला जातो. फक्त मुख्य कार्यालय मुंबईत आहे म्हणून मुंबईला अधिकार मिळत नाही, आणि ज्या कोर्टाला मुळात अधिकार नाही त्याला तो करारानेही देता येत नाही. रत्नागिरीच्या शाखेत माल घेतलेला असेल तर तो शिक्का बहुधा टिकत नाही. मात्र वाहतूकदाराची इथे शाखाच नसेल तर गणित बदलते, म्हणून बिल्टीवर शाखेचा पत्ता व सही घ्या.

चार्टर बिल: 5 पैकी 2

जयगड किंवा रेडीतून सुट्टा माल जहाजभर जातो तेव्हाचा कागद. बिल दोन पानांचे, आणि ‘चार्टर पार्टीच्या सर्व अटी, लवादाच्या अटीसह, यात समाविष्ट’ ही एक ओळ. चार्टर पार्टी म्हणजे जहाज भाड्याने घेण्याचा करार. एम. व्ही. बाल्टिक कॉन्फिडन्स प्रकरणात 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी ओळ पुरेशी मानली. जेनकॉन 1994 या चार्टर पार्टीच्या छापील नमुन्यात लवादाचे ठिकाण 25 क्रमांकाच्या चौकोनात लिहायचे असते. तो कोरा सोडला की आपोआप लंडन. चार्टर पार्टीची प्रत मागितल्याशिवाय असे बिल हातात घेऊ नये. चौकोन भरताना मुंबई लिहून घेता येते, जहाजमालक अनेकदा मान्यही करतात, कारण त्या वेळी त्यांना माल हवा असतो.

एक गैरसमज सगळ्याच कागदांत सारखा दिसतो. निर्यातदार आपल्या इन्व्हॉइसवर ‘रत्नागिरी न्यायकक्षेच्या अधीन’ छापतो आणि निश्चिंत होतो. ती अट त्याच्या आणि खरेदीदाराच्या मधली आहे. वाहकाने ती पाहिलेलीही नसते. सीआयएफवर, म्हणजे भाडे व विमा किमतीत धरून, विकलेल्या मालात तर बिल पुढे खरेदीदाराच्या हाती जाते आणि दावा करायचा हक्कही त्याच्यासोबत जातो, मग कुवेतमधला खरेदीदार लंडनच्या अटीने बांधला जातो आणि राग काढतो तुमच्या पुढच्या बिलावर.

ड्राफ्ट बिल आल्यावर तपासायला दहा मिनिटे पुरतात. माथ्यावर कंपनी कोणती आणि ती कुठे नोंदलेली, खाली सही स्वतःसाठी की दुसऱ्यासाठी, ‘प्लेस ऑफ रिसीट’मध्ये काय, नग किती, तापमान अंशात आहे का, पाठीवर ‘लॉ अँड ज्युरिस्डिक्शन’ या मथळ्याखाली कोणते शहर. दुरुस्ती शिपिंग इन्स्ट्रक्शनच्या कट-ऑफपूर्वी बहुधा फुकट होते, त्यानंतर शुल्क लागते, आणि मूळ बिले छापून निघाल्यावर तिन्ही मूळ प्रती परत केल्याशिवाय होत नाही.